टूर द फ्रान्स : सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत

बहुतेक क्रीडास्पर्धांना मैदान लागते, मैदानाला कुंपण लागते आणि कुंपणाच्या आत जाण्यासाठी तिकीट लागते. फ्रान्समध्ये दरवर्षी साधारणतः जुलै महिन्यात होणाऱ्या ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीला यांपैकी काहीच लागत नाही. ज्या रस्त्यावरून एरवी दुधाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि शाळेच्या बसगाड्या जातात, तोच रस्ता काही तासांपुरता या शर्यतीचे क्रीडांगण होतो. शर्यत निघून गेली की रस्ता पुन्हा गावाचा होतो. जवळजवळ तीन आठवडे, एकवीस टप्प्यांत, तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालणारा हा उपक्रम शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. दोन महायुद्धांच्या काळात, म्हणजे १९१५ ते १९१८ आणि १९४० ते १९४६ या वर्षांत, शर्यत भरली नाही. हा अपवाद सोडल्यास तिच्यात खंड पडलेला नाही.

सायकल हे आपल्याकडे दीर्घकाळ सामान्य माणसाचे वाहन राहिले आहे. त्यामुळे सायकलच्या जगातील या सर्वांत मोठ्या स्पर्धेविषयी कुतूहल असणे साहजिकच आहे. तथापि केवळ वेग आणि विक्रम यांपुरता या शर्यतीचा अभ्यास मर्यादित नाही. सार्वजनिक मालमत्तेवर उभा राहिलेला एखादा उपक्रम लोकांच्या विश्वासावर कसा चालतो, तो विश्वास कसा गमावला जातो आणि पुन्हा कसा मिळवावा लागतो, याचा हा एक बोलका इतिहास आहे.

वर्तमानपत्राच्या खपातून जन्म

या शर्यतीचा उगम क्रीडाप्रेमापेक्षा व्यवसायाच्या निकडीतून झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॅरिसमध्ये ‘ल ऑटो’ हे क्रीडाविषयक दैनिक निघत असे. ‘ल व्हेलो’ या प्रतिस्पर्धी दैनिकापुढे त्याचा खप वाढेना. १९०२ च्या नोव्हेंबरात संपादक आंरी देग्रांज यांच्यापुढे जेओ लफेव्र या तरुण वार्ताहराने एक कल्पना मांडली. सायकलस्वारांनी संपूर्ण फ्रान्सला टप्प्याटप्प्याने प्रदक्षिणा घालावी आणि वाचकांनी रोज त्याचे वृत्त वाचावे, अशी ती कल्पना होती.

१ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळील माँझरों येथून साठ स्पर्धक निघाले. लिआँ, मार्सेय, तुलूझ, बोर्दो आणि नांत या शहरांवरून पॅरिसला परतण्याचा एकूण २,४२८ किलोमीटरांचा मार्ग केवळ सहा टप्प्यांत विभागलेला होता. पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा होता आणि त्यासाठी रात्रीही सायकल चालवावी लागे. साठांपैकी एकवीस जण शेवटपर्यंत पोहोचले. मोरिस गारँ हा विजेता ठरला. त्याला ९४ तास ३३ मिनिटे लागली, म्हणजे ताशी सरासरी सुमारे २५.७ किलोमीटर. त्या काळचे कच्चे, धुळीचे रस्ते आणि वजनदार सायकली पाहता हा वेग लहान नव्हता. २०२५ च्या विजेत्याची सरासरी ताशी ४२ किलोमीटरांहून अधिक होती.

दैनिकाचा खप झपाट्याने वाढला आणि शर्यत रुजली. १९१९ पासून आघाडीवरील स्पर्धकास पिवळी जर्सी देण्याची प्रथा सुरू झाली. ‘ल ऑटो’ पिवळ्या कागदावर छापले जात असे, त्यावरून हा रंग आला असे सांगितले जाते.

शर्यतीची रचना

या शर्यतीचा हिशेब समजण्यास सोपा आहे. प्रत्येक दिवशी एक टप्पा पार करावयाचा असतो आणि प्रत्येक स्पर्धकास लागलेला वेळ नोंदविला जातो. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो अंतिम विजेता. साहजिकच, एकही टप्पा प्रथम क्रमांकाने न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकणे शक्य असते. उलट, अनेक टप्पे जिंकूनही अंतिम यश हुकू शकते.

टप्पे साधारणतः तीन प्रकारचे असतात. सपाट प्रदेशातील टप्प्यांत बहुतेक स्पर्धक एकत्र येतात आणि शेवटच्या काही शे मीटरांत वेगवान धावेने निकाल लागतो. डोंगराळ टप्प्यांत आल्प्स आणि पिरेनीज या पर्वतरांगांतील घाट चढावे लागतात आणि खरी निवड तेथे होते. तिसरा प्रकार म्हणजे घड्याळाशी शर्यत. यात स्पर्धकांना काही अंतराने एकेक करून सोडण्यात येते व प्रत्येकाला कोणाचीही साथ न घेता अंतर कापावे लागते.

१९१० मध्ये पिरेनीजमधील तुर्माले या घाटाचा मार्गात प्रथम समावेश झाला. त्याची उंची २,११५ मीटर आहे. कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतल्यास या चढाची कल्पना येईल. त्या वर्षी घाट चढून आलेल्या ओक्ताव लापीझ याने आयोजकांना उद्देशून ‘खुनी’ असे उद्गार काढल्याची नोंद आहे. शर्यत अखेर त्यानेच जिंकली. पुढील वर्षी आल्प्समधील २,६४२ मीटर उंचीचा गालिबिए हा घाटही मार्गात आला.

पिवळ्या जर्सीखेरीज टप्प्यांच्या निकालांवर गुण मिळविणाऱ्यास हिरवी, घाटांवर गुण मिळविणाऱ्यास पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेली आणि तरुणांतील सर्वोत्तमास पांढरी जर्सी दिली जाते. ठरावीक मुदतीत टप्पा पूर्ण न करणारा स्पर्धक बाद होतो. तीन आठवड्यांची ही बेरीज किती सूक्ष्म ठरू शकते, हे १९८९ मध्ये दिसून आले. शेवटच्या दिवशी लोराँ फिन्याँ पन्नास सेकंदांनी पुढे होता. व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या साडेचोवीस किलोमीटरांच्या घड्याळाशी शर्यतीत अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ती आघाडी भरून काढली आणि सुमारे ३,२८५ किलोमीटरांनंतर अवघ्या आठ सेकंदांनी तो विजयी झाला.

एकाचा विजय, अनेकांचे श्रम

रस्त्यावरील सायकल शर्यत वरवर पाहता व्यक्तिगत वाटते. वस्तुतः ती सांघिक आहे, आणि याचे कारण वारा हे आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवेचा विरोध तोडण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या चाकामागे अगदी जवळून चालणाऱ्यास हा विरोध पुष्कळच कमी सोसावा लागतो. म्हणूनच स्पर्धक जथ्याने चालतात आणि संघातील सहकारी आळीपाळीने पुढे राहून आपल्या प्रमुखास वाऱ्यापासून आडोसा देतात.

२०२५ च्या शर्यतीत प्रत्येकी आठ जणांचे तेवीस संघ होते. अशा संघातील बहुतेकांना स्वतः शर्यत जिंकावयाची नसते. मागील मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणणे, मागे पडलेल्या प्रमुखास पुन्हा जथ्यात नेणे, प्रसंगी आपले चाक किंवा सायकल काढून देणे, ही त्यांची कामे होत. फ्रेंच भाषेत अशा सायकलपटूस ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी, असे म्हणतात. १९११ मध्ये दुसऱ्या स्पर्धकास साहाय्य करणाऱ्या मोरिस ब्रोको यास उद्देशून देग्रांज यांनी हा शब्द तिरस्काराने वापरला होता. पुढे तोच शब्द मानाचा ठरला.

याचे सर्वांत स्मरणीय उदाहरण १९३४ चे आहे. फ्रान्सच्या संघाचा प्रमुख आंतोनँ माञ हा आघाडीवर होता. पिरेनीजमधील उतारावर त्याचे पुढील चाक निकामी झाले. वीस वर्षांच्या रने व्हिएतो याने आपले चाक काढून त्याला दिले आणि दगडी कठड्यावर बसून तो मदतीच्या गाडीची वाट पाहत राहिला. त्या वेळचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी माञची सायकल पुन्हा बिघडली, तेव्हा पुढे गेलेला व्हिएतो घाट उलटा चढून मागे आला आणि त्याने आपली सायकल प्रमुखाच्या हवाली केली. माञने शर्यत जिंकली. व्हिएतो पाचवा आला आणि घाटांचा राजा ठरला. अंतिम विजय मात्र त्याला पुढेही कधी मिळाला नाही.

अंतिम विजेत्यास मिळणारे पाच लाख युरोंचे पारितोषिक संघातील सहकाऱ्यांत वाटण्याची प्रथा आहे. व्यासपीठावर एकच जण उभा राहत असला तरी त्याला तेथवर कोणी आणले, याचा विसर पडू नये, हा तिचा अर्थ होय.

नियम, शिक्षा आणि विश्वास

इतक्या लांबवर, डोंगरदऱ्यांतून चालणाऱ्या शर्यतीवर प्रत्येक ठिकाणी देखरेख ठेवणे अशक्य असते. म्हणून गैरप्रकारांचा प्रश्न अगदी दुसऱ्याच वर्षी उपस्थित झाला. १९०४ च्या शर्यतीत रस्त्यावर खिळे टाकण्यात आले, रात्रीच्या अंधारात स्पर्धकांना मारहाण झाली आणि काहींनी नियमबाह्य मार्गांचा अवलंब केल्याच्या तक्रारी आल्या. चौकशीअंती पहिल्या चारही क्रमांकांना बाद ठरविण्यात आले. त्यांत पहिल्या वर्षीचा विजेता गारँ हाही होता. पाचव्या आलेल्या आंरी कोर्ने यास विजेता घोषित करण्यात आले. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता.

नियम केवळ कठोर असून भागत नाही, तो न्याय्यही असावा लागतो. १९१३ मध्ये तुर्मालेच्या उतारावर एझेन क्रिस्तोफ या आघाडीच्या स्पर्धकाच्या सायकलचा, पुढील चाक धरून ठेवणारा चिमटा मोडला. दुरुस्ती स्वतःच केली पाहिजे, असा तेव्हाचा नियम होता. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरला. साँत मारी द काँपाँ या गावी लोहाराच्या भट्टीवर त्याने अधिकाऱ्यांच्या देखत स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. या कामात कित्येक तास गेले आणि विजयाची आशा संपली. एवढ्यावर न थांबता अधिकाऱ्यांनी त्याला आणखी दंडाची मिनिटे लावली. कारण भट्टीचा भाता एका लहान मुलाने ओढला होता, आणि ही परकी मदत ठरली! पुढे हा दंड कमी करण्यात आला आणि कालांतराने असे नियमही शिथिल झाले. त्या गावात या घटनेचे स्मारक आहे. लोकांनी स्मृती जपली ती नियमाचे अक्षर धरून बसलेल्या अधिकाऱ्यांची नव्हे, तर नियम पाळून हरलेल्या माणसाची.

उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या पर्वताच्या चढावर ब्रिटनचा टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. तीव्र उष्मा, थकवा आणि उत्तेजक गोळ्या यांचा तो परिणाम होता. १९९८ मध्ये एका संघाच्या गाडीत प्रतिबंधित औषधांचा साठा सापडला आणि शर्यतीची पाळेमुळे हादरली. त्यानंतर १९९९ ते २००५ या काळात लागोपाठ सात वेळा विजयी झालेल्या लान्स आर्मस्ट्राँगची सर्व विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द करण्यात आली. त्या सात वर्षांच्या नोंदीत विजेत्याची जागा रिकामी ठेवण्यात आली आहे. ही रिकामी जागा अनेक विक्रमांपेक्षा अधिक शिकवून जाते. रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाने तिकिटाचे पैसे दिलेले नसतात, त्याने विश्वास दिलेला असतो. त्याची भरपाई दंडाने होत नाही.

रस्ता कोणाचा?

शर्यत खाजगी संस्थेची असली तरी रस्ता जनतेचा असतो. फ्रान्समधील ‘कम्यून’ ही सर्वांत लहान स्थानिक स्वराज्य संस्था असून, आपल्याकडील ग्रामपंचायत व नगरपालिका यांच्याशी तिची तुलना करता येईल. जिल्हा पातळीवरील परिषदेकडे जिल्हा रस्त्यांची देखभाल असते आणि शासनाचा प्रतिनिधी या नात्याने ‘प्रेफे’ हा अधिकारी, आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याप्रमाणे, सुव्यवस्थेची जबाबदारी पाहतो. टप्प्याचा प्रारंभ किंवा शेवट आपल्या गावी व्हावा यासाठी शहरे आणि गावे पुढे येतात आणि त्यासाठी आयोजकांना रक्कमही देतात. त्या बदल्यात गावाचे नाव दूरदर्शनवरून जगभर जाते.

त्यामागची कामे मात्र नावाइतकी झगमगीत नसतात. डांबरीकरण तपासणे, खड्डे बुजविणे, वाहतूक वळविणे, रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवणे, दुभाजकांपाशी इशारा देणारी माणसे उभी करणे, ही सर्व कामे आधी व्हावी लागतात. हे का आवश्यक आहे, ते २००३ मध्ये दिसले. गाप या गावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील डांबर उन्हाने मऊ झाले होते. एकूण क्रमवारीत त्या वेळी दुसऱ्या स्थानी असलेला स्पेनचा होसेबा बेलोकी त्यावर घसरून पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. १९९५ मध्ये पिरेनीजमधील उतारावर पडून इटलीचा फाब्यो कासार्तेल्ली मरण पावला. दुसऱ्या दिवशी कोणीही शर्यत केली नाही. सर्व स्पर्धक एकत्र चालले आणि पारितोषिकाची रक्कम त्याच्या कुटुंबास देण्यात आली. व्यावसायिक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचे होण्यास मात्र २००३ साल उजाडावे लागले.

प्रेक्षकांची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. २६ जून २०२१ रोजी, पहिल्याच टप्प्यात, एक प्रेक्षक दूरदर्शनच्या कॅमेऱ्याकडे पाहत हातातील फलक घेऊन रस्त्यावर झुकली. एक स्पर्धक त्यावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकलपटू कोसळले. न्यायालयाने तिला दंड केला. निष्काळजीपणाचा एक क्षण आणि कित्येकांची वर्षभराची तयारी व्यर्थ, असा हा प्रकार होता.

रस्ता जनतेचा असल्यामुळे जनतेची सुखदुःखेही शर्यतीच्या वाटेत येतात. ७ जुलै १९८२ रोजी दनँ या गावी पोलाद कारखान्यातील कामगारांनी नोकऱ्या वाचविण्यासाठी रस्ता अडविला आणि त्या दिवशीचा सांघिक टप्पा रद्द करावा लागला. २०२५ मधील घटना तर महाराष्ट्रातील पशुपालकांना अधिक जवळची वाटेल. आल्प्समधील सॅझी या घाटाच्या परिसरात गुरांमध्ये लम्पी चर्मरोगाचा प्रादुर्भाव आढळला. जनावरे ठार करावी लागल्याने तेथील शेतकरी शोकाकुल झाले होते. शासनाशी विचारविनिमय करून आयोजकांनी तो घाट मार्गातून वगळला आणि सुमारे १३० किलोमीटरांचा टप्पा सुमारे ९५ किलोमीटरांवर आणला. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील गोठ्यांतून याच रोगाने केलेली हानी ज्यांनी पाहिली, त्यांना या निर्णयाचे मोल सहज कळेल. जगातील सर्वांत मोठी सायकल शर्यत एका डोंगरी मुलखातील गुरांसाठी वाट सोडून गेली.

महिलांची शर्यत

या इतिहासातील एक उणीव दीर्घकाळ राहिली. १९८४ ते १९८९ या वर्षांत महिलांसाठी याच नावाची शर्यत भरविण्यात आली, परंतु ती टिकली नाही. २०२२ पासून महिलांची टूर द फ्रान्स नव्याने सुरू झाली. पहिल्या वर्षी नेदरलँड्सची आनेमीक फान फ्ल्यूटेन आणि २०२५ मध्ये फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो विजयी झाली. पुरुषांच्या शर्यतीत २०२५ मध्ये स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार चौथ्यांदा विजेता ठरला. पाच विजयांचा मान आंक्तील, मर्क्स, इनो आणि इंदुराईन या चौघांकडे आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राला रस्त्यावरील सायकल शर्यत अपरिचित नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत अनेक वर्षे गाजली आणि बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची प्रथा लोकांच्या स्मरणात आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी शर्यत झाली. प्रास्ताविक फेरी आणि चार टप्पे मिळून तिचा मार्ग सुमारे ४३७ किलोमीटरांचा होता. तिच्या निमित्ताने जिल्ह्यातील रस्त्यांची कामेही हाती घेण्यात आली.

अशा उपक्रमांच्या संदर्भात फ्रान्सचा अनुभव उपयुक्त ठरावा. चांगला झालेला रस्ता शर्यत संपल्यावर गावाकडेच राहतो. तो पुढच्या पावसाळ्यात टिकला, त्यावरून मुले सुरक्षितपणे शाळेत सायकलने जाऊ लागली, तरच शर्यतीचा लाभ गावास झाला असे म्हणता येईल. शिक्षकांनाही या विषयात वर्गासाठी पुष्कळ साधन सापडेल. तास, मिनिटे व सेकंद यांची बेरीज, नकाशावरील पर्वतरांगा आणि वाऱ्याचा विरोध हे धडे त्यातून रंजकपणे शिकविता येतील. त्याहून मोठा धडा व्हिएतोच्या चाकाचा आणि नोंदवहीतील त्या सात रिकाम्या जागांचा आहे.

पिवळी जर्सी एकाच्या अंगावर येते. तथापि तिच्यामागे वारा अडविणारे सहकारी, रात्री रस्ता तपासणारे कर्मचारी, आपले व्यवहार काही तास थांबविणारी गावे आणि कडेला उभा राहून रस्ता मोकळा ठेवणारा नागरिक, अशी मोठी रांग असते. ती रांग जोपर्यंत अभंग आहे, तोपर्यंत कुंपण आणि तिकीट नसतानाही ही शर्यत चालत राहील.